दुसऱ्याच्या टॅगवर एल्क मारता येतो का? कोलोरॅडोतले टॅग आणि सीझन नीट समजून घ्या

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: तुम्ही डेन्व्हरजवळ राहता, एच-वन-बी व्हिसावर आहात. ऑफिसातली काही मंडळी दर नोव्हेंबरात वायव्य कोलोरॅडोतल्या मीकर गावाच्या बाजूला एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जातात आणि या वेळी त्यांनी तुम्हालाही बोलावलंय. त्यातले एकजण म्हणाले, "माझ्याकडे दोन टॅग आहेत, एक नराचा, एक मादीचा. मादी तू मार, टॅग माझा लावू." (टॅग म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची, एकाच शिकाऱ्याच्या नावाची परवान्याची चिठ्ठी.) हे चालतं का, टॅग आणि लायसन्स एकच की वेगळं, आणि एवढे सीझन कशासाठी, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं नाही वाचलंत तरी हे लक्षात राहायला हवं. नाही चालत. दुसऱ्याच्या टॅगवर जनावर मारणं आणि आपल्या टॅगवर दुसऱ्याला मारू देणं, दोन्ही कोलोरॅडोत गुन्हा आहे. तुम्ही अडकाल आणि तेही अडकतील. तुमच्या सहकाऱ्याच्या मनात काही वाईट असेल असं मी म्हणत नाही. मिनेसोटा, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत हरणाच्या शिकारीत गटातल्या एकाने दुसऱ्याच्या टॅगसाठी मारण्याची मुभा काही अटींवर आहे. तिकडून आलेल्या माणसाला ही रीत सगळीकडे असेल असं वाटतं. पण शिकारीचे नियम इथे प्रत्येक राज्याचे वेगळे असतात, आणि राज्याची हद्द ओलांडली की आधीचं ज्ञान बाजूला ठेवून नवं पुस्तक उघडावं लागतं.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी वेस्टर्न स्लोपवर, म्हणजे कोलोरॅडोच्या पश्चिम भागात राहते, बरीच वर्षं शिकार करते आणि हंटर एज्युकेशनच्या, म्हणजे सुरक्षित शिकार शिकवणाऱ्या कोर्सच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवते. खालचं सगळं कोलोरॅडोपुरतं आहे. तारखा, कोटा, फी दर वर्षी बदलतात. कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ, म्हणजे सीपीडब्ल्यू, दर वर्षी बिग गेमचं, म्हणजे मोठ्या जनावरांच्या शिकारीचं माहितीपुस्तक काढतं. ते फुकट मिळतं. माझं उत्तर आणि ते पुस्तक यांत फरक दिसला तर पुस्तकाचं ऐका.

आता मूळ अडचण. आपण भारतातून येतो तेव्हा शिकार म्हटलं की डोक्यात एकच खटका असतो: बंदी आहे की परवानगी आहे. ते साहजिक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला मनाई आहे, आणि पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासारखे अपवाद सोडले तर विषय तिथेच संपतो. त्यामुळे इथे आल्यावर आपण विचारतो, "परमिट काढलं की झालं ना?" इथे प्रश्न परवानगीचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. या डोंगरातल्या या कळपातून या वर्षी किती नर आणि किती माद्या कमी झाल्या तर कळप जसा हवा तसा राहील, याचा आधी आकडा काढतात. त्या आकड्यातलं एक जनावर म्हणजे तुमचा टॅग. तो तुमच्या नावावर असतो, आणि त्यावरच्या प्रत्येक ओळीमागे कोणीतरी केलेली मोजणी असते.

हे कुठून आलं तेही थोडं सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोलोरॅडोत मांस आणि कातडी विकण्यासाठी एवढी कत्तल झाली की विसावं शतक उजाडलं तेव्हा राज्यात एल्क जेमतेम उरले होते. १९१३-१४ च्या सुमारास यलोस्टोनच्या भागातून एल्क आणून एस्टेस पार्कजवळ सोडावे लागले. आज तिथल्या गोल्फच्या मैदानावर जे एल्क आरामात चरताना दिसतात ते त्यांचे वंशज. आता राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर थेट राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. शिवाय सीपीडब्ल्यूचं वन्यजीवांचं काम मोठ्या प्रमाणात लायसन्सच्या फीवर चालतं. म्हणजे मोजणीचं हेलिकॉप्टर उडतं तेही बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच पैशावर.

मोजणी होते हिवाळ्यात. सीझन संपलेले असतात, बर्फामुळे कळप खाली उतरून उघड्यावर आलेले असतात. हेलिकॉप्टरमधून जीवशास्त्रज्ञ प्रत्येक कळपात १०० माद्यांमागे किती नर आणि किती पिल्लं आहेत ते पाहतात. त्याला शिकाऱ्यांनी कळवलेल्या शिकारीच्या आकड्यांची जोड देतात. त्यावरून त्या वर्षी कुठल्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी पाडलेल्या कुठल्या भागात, किती टॅग द्यायचे ते ठरतं. २०२२-२३ चा हिवाळा वायव्य कोलोरॅडोत भयंकर गेला. क्रेग, मीकर, रेंजलीच्या पट्ट्यात बर्फ इतका साचला आणि वर असा कडक गोठला की जनावरांना खुराने उकरून चारा मिळेना. पिल्लं तर गेलीच, धडधाकट माद्याही गेल्या. त्या वर्षी तिथले टॅग खूप कापले. टॅगच्या सोडतीसाठी बरीच वर्षं पॉइंट साठवून बसलेली माणसं हिरमुसली, पण कापले ते योग्यच होतं. तुम्ही जाणार आहात तो भाग त्याच पट्ट्यातला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता टॅग उघडून पाहू. टॅग आणि लायसन्स हे बोलताना लोक एकच शब्द असल्यासारखे वापरतात. कागद एकच असतो: वरचा भाग लायसन्स, आणि त्याला जोडलेला, फाडून वेगळा करायचा तुकडा म्हणजे जनावराला लावायचा टॅग. त्या कागदावर एक हंट कोड असतो. उदाहरणार्थ ई-एफ-०१२-ओ३-आर. पहिलं अक्षर प्राणी: ई म्हणजे एल्क. (डी असेल तर हरीण.) दुसरं लिंग: एफ म्हणजे मादी, एम म्हणजे नर, ई म्हणजे दोन्हीपैकी कुठलंही. मग तीन आकडे युनिटचे: राज्याचे गेम मॅनेजमेंट युनिट नावाचे तुकडे पाडलेत, त्यातलं १२ वं. ओ३ म्हणजे रायफलचा तिसरा सीझन. शेवटचं अक्षर हत्यार: आर रायफल, ए धनुष्यबाण, एम मझललोडर, म्हणजे तोंडाकडून दारू भरायची बंदूक.

या पाचही गोष्टी एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. चार जुळल्या आणि पाचवी चुकली तरी शिकार बेकायदा. युनिटची हद्द बहुतेक वेळा नदी, रस्ता किंवा डोंगराची धार असते. जनावर ओढ्यापलीकडे गेलं आणि ओढा हीच हद्द असेल तर ते तुमचं नाही, कितीही जवळ उभं असलं तरी.

सीझनच्या जागी ओ ऐवजी पी दिसलं तर थांबा. पी म्हणजे फक्त खाजगी जमिनीवर चालणारा टॅग. माझ्या वर्गातल्या एका मुलाने असा टॅग काढला, कारण तो सहज मिळत होता. मिळतो सहज, कारण जमीनमालक ओळखीचा नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. त्या भागात नॅशनल फॉरेस्टची, म्हणजे सरकारी जंगलाची, एवढी जमीन होती, पण त्या टॅगवर तिथे पाऊल टाकून शिकार करता येत नव्हती. अर्ज भरताना कोडातलं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, असं मी तेव्हापासून प्रत्येक वर्गात सांगते.

तुमच्या सहकाऱ्याकडे दोन टॅग कसे, हाही प्रश्न मनात आला असेल. लायसन्स ए, बी, सी अशा याद्यांत विभागलेली असतात. एल्कसाठी माणसाला ए यादीतलं एक आणि बी यादीतलं एक घेता येतं, किंवा बी मधली दोन. नराचे टॅग बहुधा ए मध्ये, आणि माद्या कमी करायच्या आहेत तिथले मादीचे टॅग बी मध्ये. म्हणजे तो मादीचा टॅग जास्तीचा म्हणून वाटून टाकायला दिलेला नाही. त्या कळपातून एक मादी त्यांनी स्वतः कमी करावी म्हणून दिलेला आहे.

नराच्या बाबतीत अजून एक बंधन आहे, आणि प्रत्यक्ष रानात सगळ्यात जास्त कसोटी लागते ती इथे. बहुतेक युनिटांत नर मारायचा तर त्याच्या एका शिंगाला किमान चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं पहिलं टोक किमान पाच इंच लांब हवं. एक इंचाहून लहान असेल ते टोक धरत नाहीत. पहाटेच्या अंधूक उजेडात दोनशे यार्डांवर झाडांच्या फांद्यांआड उभ्या असलेल्या जनावराची टोकं मोजायची म्हणजे काय ते तिथे गेल्यावरच कळतं. सुकलेली ॲस्पेनची फांदी शिंगासारखी दिसते. जनावर मान वळवतं तेव्हा दोन टोकं एकामागे एक येऊन एकच दिसतात. म्हणून दुर्बिणीतून पाहायचं, रायफलच्या स्कोपमधून नाही. स्कोप डोळ्याला लावला की त्या जनावरावर बंदूक रोखलेली असतेच, आणि ते जनावर आहे की माणूस हे अजून ठरायचं असतं. टोकं मोजता आली नाहीत तर तो नर तुमच्यासाठी नाही, विषय संपला.

मूसची गोष्टही इथेच. १९७८-७९ मध्ये उत्तर कोलोरॅडोतल्या नॉर्थ पार्क खोऱ्यात मूस (हरणाच्याच कुळातलं, एल्कहून मोठं जनावर) आणून सोडले आणि आता ते राज्यभर पसरलेत. दर वर्षी कोणीतरी मादी एल्क समजून मूस मारतो. रंग गडद, नाक लोंबतं, गळ्याखाली झालर: हे घरी फोटो पाहून डोळ्यात बसवून जा.

आता सीझन. साधारण क्रम असा: सप्टेंबरभर धनुष्यबाण, त्यातच मधले नऊ दिवस मझललोडर, मग ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत रायफलचे चार सीझन. २०२५ मध्ये रायफलचे सीझन १५ ते १९ ऑक्टोबर, २५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर, ८ ते १६ नोव्हेंबर आणि १९ ते २३ नोव्हेंबर असे होते. (त्या वर्षी दिवाळी पहिल्या आणि दुसऱ्या सीझनच्या बरोबर मध्ये आली. आमच्या घरी सगळ्यांना फार आनंद झाला, कारण दर वर्षी असं जुळत नाही.)

एवढे तुकडे का, तर मोठं कारण गर्दी. सगळे शिकारी एकाच आठवड्यात रानात उतरले तर माणसांनाही धोका, आणि जनावरं सार्वजनिक जमीन सोडून खाजगी कुरणांत जाऊन बसतात, जिथे कोणाचाच हात पोचत नाही. मग मोजून ठरवलेला कोटा पुरा होत नाही. दुसरं कारण ऋतू. सप्टेंबर हा एल्कच्या माजाचा काळ. नर हुंकारत, शीळ घालत फिरतात, त्यांना हाक देऊन जवळ आणता येतं. त्या काळात लांब पल्ल्याची रायफल दिली तर मोठे नर झपाट्याने संपतील. म्हणून तेव्हा धनुष्यबाण आणि मझललोडर, ज्यांना जवळ जावंच लागतं. पुढे थंडी वाढते तसं एल्क गप्प होतात आणि बर्फाबरोबर खाली सरकतात. तिसऱ्या सीझनला बर्फ भरपूर पडला तर ते रस्त्याच्या जवळ मिळतात, नाही पडला तर उंचावरच्या दाट काळ्या रानात बसून राहतात. त्यामुळे तिसरा सीझन चांगला की नाही, याचं उत्तर त्या वर्षीच्या हवेवर आहे. हेच म्यूल डिअर या इथल्या हरणांबाबत उलट: त्यांचा माज नोव्हेंबरात असतो, म्हणून उशिराच्या सीझनांचे हरणाचे टॅग मिळवायला झुंबड उडते आणि ते मोजकेच देतात. हरणाचे टॅग तर १९९९ पासून राज्यभर ड्रॉनेच, म्हणजे सोडतीनेच मिळतात.

टॅग मिळवायचे रस्ते दोन. एक ड्रॉ. एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठपर्यंत अर्ज भरायचा, आवडीप्रमाणे चार पर्याय द्यायचे. म्हाडाच्या लॉटरीसारखं समजा, फक्त एक मोठा फरक आहे: पहिल्या पर्यायात नंबर लागला नाही तर तुम्हाला एक प्रेफरन्स पॉइंट मिळतो, आणि पुढच्या वर्षी जास्त पॉइंटवाल्यांना आधी मिळतं. पहिल्या पर्यायात लागलं की सगळे पॉइंट शून्य. दुसऱ्या, तिसऱ्या पर्यायात लागलं तर पॉइंट जात नाहीत. काही युनिटं, उदाहरणार्थ वायव्य कोपऱ्यातली २, १० आणि २०१, मोठ्या नरांसाठी राखून ठेवल्यासारखी आहेत. तिथे रायफलच्या नराच्या टॅगसाठी वीसहून जास्त वर्षांचे पॉइंट लागतात. त्यांच्या मागे लागण्यात नव्या माणसाने आयुष्य घालवू नये, हे माझं मत. जवळच्या साध्या युनिटात मादीचा टॅग काढा, रान शिका, घरी मांस आणा.

दुसरा रस्ता थेट खरेदीचा, ओव्हर द काउंटर. रायफलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या सीझनला बऱ्याच युनिटांत नर एल्कचा टॅग ड्रॉशिवाय मिळतो. ऑगस्टमध्ये विक्री सुरू होते. ड्रॉमधून उरलेले टॅगही त्याच सुमारास विकायला येतात. म्हणजे तुमचा एप्रिलचा ड्रॉ हुकलाय तरी या नोव्हेंबरासाठी दार बंद नाही. मीकरच्या पूर्वेला फ्लॅट टॉप्सकडची १२, २३, २४ ही युनिटं अशा टॅगसाठी वर्षानुवर्षं ओळखली जातात. फक्त सहकाऱ्यांचे टॅग कुठल्या युनिटचे आहेत आणि तिथे हा टॅग या वर्षी चालतो का, ते पुस्तकात पाहून मगच पैसे भरा.

इथवरचं एका ओळीत: स्वतःचा टॅग, त्यावरचा प्राणी, लिंग, युनिट, सीझन, हत्यार, आणि नर असेल तर टोकं.

आता तुमच्या परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सहा महिने सलग कोलोरॅडोत राहत असाल तर तुम्ही शिकारीच्या लायसन्ससाठी रहिवासी ठरता. त्याला नागरिकत्व लागत नाही. फरक खिशाला कळतो: रहिवाशाला एल्कचं लायसन्स शंभर डॉलरच्या आत मिळतं, बाहेरच्याला नराच्या टॅगसाठी सातशेच्या वर मोजावे लागतात.

१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं, त्याशिवाय लायसन्स विकतच नाहीत. कोर्ससाठी वेळ नसेल तर एक वर्षाचं अप्रेंटिस सर्टिफिकेट मिळतं, आयुष्यात दोनदाच, आणि त्यावर तुमच्या बरोबर कायम एक जाणता प्रौढ शिकारी असावा लागतो. मी तरी म्हणेन कोर्स करा. कोर्समध्ये कुंपण कसं ओलांडायचं, बंदूक कोणाच्या हातात कशी द्यायची, गोळी कुठे झाडायची नाही हे शिकवतात. कॅम्पमध्ये सगळ्यात जास्त कामाला येतं ते हेच.

आणि आता तुम्ही न विचारलेला, पण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा: व्हिसा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एच-वन-बी, एफ-वन दोन्ही त्यात आले. याला एक ठळक अपवाद आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेलं, मुदत न संपलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर ही मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अडचणच नाही. "बाळगणं" यात विकत घेणं तेवढंच येत नाही. सहकाऱ्याची रायफल सरावाला रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, हातात घेणंही येतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी हंटर एज्युकेशन, मग लायसन्स, मग बंदुकीला हात. सरावासाठी आधीच लायसन्स हवं असेल तर वार्षिक स्मॉल गेम, म्हणजे लहान प्राण्यांच्या शिकारीचं, लायसन्स घ्या. ते स्वस्त असतं. ड्रॉच्या अर्जाला जे एक पात्रतेचं लायसन्स लागतं त्यासाठीही हेच चालतं, फक्त ते त्या नव्या वर्षाचं हवं. बंदुकीच्या कायद्यातली चूक व्हिसावर आणि पुढच्या ग्रीन कार्डवर येऊ शकते. तुमच्या केसमध्ये काही गुंतागुंत असेल तर इमिग्रेशन वकिलाला एकदा फोन करा. इथे मोघम धीर देऊन चालणार नाही.

आता हे सगळं जमलं असं धरून प्रत्यक्ष रानातलं. रायफलच्या सीझनला कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच झगझगीत केशरी किंवा गुलाबी रंग आणि त्याच रंगाची टोपी लागते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच शिकार. गाडीत चेंबरमध्ये काडतूस असलेली रायफल ठेवायची नाही. सार्वजनिक रस्त्याच्या मधल्या रेषेपासून किमान ५० फूट दूर जायचं आणि रस्त्यावरून किंवा रस्त्यापलीकडे गोळी झाडायची नाही. एल्कसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची आणि गोळी किमान ८५ ग्रेनची लागते.

जमिनीबद्दल आपली माणसं फार फसतात. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणजे मोकळी जमीन, असं नाही. कोलोरॅडोत जमीनमालकाने पाटी लावलीच पाहिजे असा नियम नाही. खाजगी जमिनीवर शिकार करायची तर परवानगी आधी घ्यायची, ही जबाबदारी शिकाऱ्याची. फोनमध्ये जमिनीच्या मालकीचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा, कारण तिथे नेटवर्क मिळत नाही.

गोळी लागली, जनावर पडलं, त्यानंतर पहिलं काम टॅगचं. फोटो नंतर. लायसन्सचा तो तुकडा फाडायचा, त्यावर सही आणि तारीख घालायची. पेन खिशात आतल्या बाजूला ठेवा. कडक थंडीत शाई गोठते, म्हणून मी पेन्सिलही ठेवते. सही घरून करून न्यायची नाही. आधीच सही केलेला किंवा फाडलेला टॅग बाद धरला जातो. जनावर कापून खांद्यावरून आणायचं असेल तर मांसाच्या एका मोठ्या तुकड्यावर लिंगाची खूण नैसर्गिक अवस्थेत तशीच जोडलेली राहिली पाहिजे. नुसतं डोकं दाखवून भागत नाही. चारही पाय, पाठीचं मांस आणि आतलं नाजूक मांस खाण्यासाठी आणायलाच हवं. शिंगं घेऊन मांस रानात टाकून येणं हा या राज्यात फेलनीच्या दर्जाचा, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा आहे, आणि तसाच असायला हवा.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या रोगाबद्दलही वाचा. तो पहिल्यांदा १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रात दिसला. काही युनिटांत डोकं तपासणीला देणं सक्तीचं असतं. सक्ती नसली तरी द्या, आणि अहवाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा.

दंडाबद्दल एकच सांगते. १९९५ मध्ये एस्टेस पार्कमध्ये सॅमसन नावाचा, गावाला ओळखीचा झालेला एक मोठा नर एल्क चोरून मारला गेला. त्यातून १९९८ मध्ये सॅमसन कायदा आला. एका शिंगाला सहा किंवा जास्त टोकं असलेला नर बेकायदा मारला तर नेहमीच्या दंडावर १०,००० डॉलर. लायसन्सचा हक्क एका राज्यात गेला तर जवळपास सगळ्या राज्यांत जातो, कारण त्यांचा आपसात करार आहे. हातून चूक झालीच तर जनावर तिथेच ठेवून, त्याचं पोट साफ करून, लगेच सीपीडब्ल्यूच्या अधिकाऱ्याला स्वतः फोन करा. स्वतः कळवलेल्या चुकीकडे आणि लपवलेल्या चुकीकडे ते एकाच नजरेने पाहत नाहीत.

एवढ्या थोड्या वेळात कोर्स आणि सराव जमणार नाही असं वाटत असेल, तर या वर्षी बंदुकीशिवाय जा. नुसतं बरोबर राहून पाहायला, स्वयंपाक करायला, मांस वाहायला लायसन्स लागत नाही. फक्त जनावर हाकून शिकाऱ्याकडे वळवू नका, कायद्याने तीही शिकारच धरली जाते. सहकाऱ्यांनी वाटा दिला तर त्यांच्या सहीची आणि लायसन्स नंबरची चिठ्ठी मांसाबरोबर घ्या. एल्कचं एक मागचं मांड उचलून बर्फातून उतार उतरलात की पुढच्या वर्षी किती लांब चालत जायचं हे तुमचं तुम्हालाच उमगेल. मी नव्या माणसाला नेहमी हाच पर्याय आधी सुचवते.

सहकाऱ्याला सरळ सांगा: "टॅग तुमचा, मारा तुम्ही. मी बरोबर येतो, उचलायला मदत करतो." चांगला शिकारी यावर नाराज होत नाही. आणि कोणी तरीही "कोण बघतंय" म्हणालं, तर त्या कॅम्पला जाऊ नका.

परत आल्यावर मार्चमध्ये नव्या वर्षाचं स्मॉल गेम लायसन्स काढा, नव्या पुस्तकात त्याच युनिटच्या मादीच्या टॅगचा कोड शोधा आणि एप्रिलच्या पहिल्या मंगळवारच्या आत अर्ज भरा. पहिला पर्याय म्हणून फक्त पॉइंटचा कोड टाकता येतो आणि दुसरा पर्याय म्हणून तो मादीचा टॅग. ज्या युनिटात तो दुसऱ्या पर्यायाला मिळतो तिथे टॅगही हातात येतो आणि पॉइंटही वाढतो. कुठल्या युनिटात मिळतो ते सीपीडब्ल्यूच्या मागच्या वर्षीच्या ड्रॉच्या अहवालात दिलेलं असतं. तो वाचताना अडलात तर कोड लिहून इथेच विचारा.